पावसात चामड्याचा पट्टा टिकतो का?

"पावसात चामड्याचो पट्टो टिकतलो खंय?" गिटारचा पट्टा चामड्याचा, तोही घरी हाताने करायचा, असं मालवणात कुणाला सांगितलं की पहिली शंका हीच येते. शंका घेणारा बहुधा भजनी मंडळातला असतो आणि त्याचं म्हणणं काही हवेतलं नसतं. मृग लागला की पखवाजाचं काय होतं ते त्याने दरवर्षी पाहिलेलं असतं. पुडी सैल पडते, वाद्या कितीही ओढा, सूर वर यायला तयार नसतो. चामड्याचं आणि पावसाचं पटत नाही हे त्याच्या कानांना पक्कं ठाऊक आहे. मग तेच चामडं गळ्यात घालून त्याच्यावर चार किलोची गिटार टांगायची कशाला?

खरं म्हणजे ते तेच चामडं नसतं. पखवाज-तबल्याच्या पुड्या, तुणतुण्याच्या बुडाला ताणून बसवलेलं कातडं, ही सगळी कच्ची कातडी. केस काढून, साफ करून, ताणून वाळवलेली, कमावलेली नव्हे. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. कच्च्या कातड्यात हे तंतू हवेतला ओलावा पितात, फुगतात आणि सैल पडतात. फार काळ ओले राहिले तर सडतात. वाद्याला तसंच कातडं लागतं, कारण पातळ, ताणलेलं आणि कडक असल्याशिवाय ते बोलत नाही. पट्ट्याला लागतं ते कमावलेलं चामडं. झाडांच्या सालींतलं आणि फळांतलं टॅनिन या तंतूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांशी बांधून टाकतं. असं चामडं भिजतं, जड होतं, पण कुजत नाही, आणि सावलीत वाळवलं की पुन्हा पट्ट्यासारखं वागतं.

किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांना हे रसायन नव्याने शिकवायला नको. नायलॉन येण्याआधी मासेमारीची सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करत असत. खारं पाणी आणि ऊन सोसायला सुताला जे बळ दिलं, तेच बाभळीच्या सालीतून आणि हिरड्यातून चामड्याला मिळतं. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक चामडं याच दोन गोष्टींवर कमावलेलं असतं, आणि मालवणहून फोंडा किंवा गगनबावडा घाट चढून गेलं की ते मिळतं. आपल्याला एवढं जवळ असताना लोक परदेशी चामड्याच्या चौकशा करतात, याची मला गंमत वाटते.

आता दुसरी समजूत, आणि ही जास्त महागात पडते: चामडं नको, दमट हवेत रेक्झिनचा पट्टा बरा, त्याला बुरशी लागत नाही. कोकणात उलटंच होतं. "लेदर" म्हणून दुकानात टांगलेले स्वस्त पट्टे बहुधा कापडावर पॉलियुरेथेनचा थर चढवलेले असतात. हवेतल्या आर्द्रतेने हा थर आतून तुटत जातो. वापरा किंवा न वापरा, तो तुटतच असतो. दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे निघू लागतात आणि काळी कपची शर्टाच्या खांद्यावर पडते. पीव्हीसीचा थर असा झडत नाही, पण त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू बाहेर येतात. पट्टा ताठरतो, आणि लॅकर लावलेल्या जुन्या गिटारला तो महिनोन्‌महिने चिकटून राहिला तर लाकडावरचं पॉलिश मऊ पडून चट्टा उठतो. "जेन्युइन लेदर" या शिक्क्याने तर हुरळून जाऊच नये. चामड्याच्या जाडीचे थर वेगळे केल्यावर खालचा, कमी ताकदीचा थर उरतो. त्यावर रंग चढवला तरी तो कायद्याने चामडंच असतो. विकत घेताना तुकड्याची मागची बाजू पाहा आणि कापलेली कड पाहा. अस्सल चामड्याच्या मागच्या बाजूला तंतूंची लव दिसते, कडेला कापडाचा थर दिसत नाही. सालीवर कमावलेल्या, रंग न लावलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो शोषला जातो आणि तिथे गडद ठिपका उमटतो. क्रोमवर कमावलेलं चामडं मऊ असतं, पर्स-बॅगांना उत्तम, पण ते ताणलं जातं. पट्ट्यासाठी मी सालीवरचंच घेईन.

कायद्याची भीतीही अधूनमधून ऐकू येते: २०१५पासून महाराष्ट्रात चामडंच बेकायदा झालं म्हणे. बंदी आहे ती गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर. म्हैस त्यात येत नाही, आणि चपलेचं जाड चामडं मुख्यतः म्हशीचंच असतं. रानटी प्राण्याच्या कातड्याची गोष्ट मात्र वेगळी. गोव्यातलं आणि आपल्याकडच्या सीमाभागातल्या आरत्यांमधलं घुमट पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता शेळीचं कातडं वापरतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली, ती या बदलानंतरच. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेही २०१९ मध्येच. जे चामडं राज्य सरकारचं महामंडळ मिरवतं, त्याचा पट्टा केल्याबद्दल कुणी पकडून नेणार नाही.

"जितकं जाड, तितकं मजबूत." या एका समजुतीपायी किती चांगलं चामडं वाया जातं! हिशोब करून पाहू. पट्टा ५ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड धरा. म्हणजे छेद झाला १५० चौरस मिलिमीटर. सालीवर कमावलेल्या बऱ्या चामड्याचा प्रत्येक चौरस मिलिमीटर १० न्यूटनचा ताण सहज घेतो. चांगल्याचा त्याहून बराच जास्त. कमीत कमी धरूनही पट्टा मधोमध तुटायला दीडशे किलोच्या आसपास वजन लागेल. साधी लाकडी गिटार दोन किलोची, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक साडेतीन-चार किलोची. ५ मिलिमीटरचं तळव्याचं चामडं आणून काय साधणार? मानेला घासेल, खांद्यावर बसणार नाही, इतकंच. ३ मिलिमीटर पुरे. हातात जाडच तुकडा आला असेल तर टोकं रापीने मागून सोलून पातळ करा.

पट्टा जातो तो नेहमी टोकाच्या भोकाशी. तिथे जास्त लक्ष द्यावं. गिटारच्या बटणाचा माथा साधारण १२ ते १५ मिलिमीटरचा असतो. भोक ८-९ मिलिमीटरचं पाडायचं, टोकापासून निदान २ सेंटिमीटर आत. बटण त्यातून जावं म्हणून भोकाला लागून सेंटिमीटरभराची एक फट. ही फट कुठल्या बाजूला घ्यायची यातच निम्मे लोक चुकतात. टोकाकडे घेतली की गिटारच्या वजनाने बटण त्या फटीत शिरतं आणि दर वेळी ती थोडी थोडी उसवते. फट खांद्याच्या बाजूला हवी. मग बटण गोल भोकाच्या भरीव कडेवर टेकतं आणि फटीवर ओढ येतच नाही. फटीच्या शेवटी २ मिलिमीटरचं बारीक भोक पाडलं की चीर पुढे धावत नाही. बटण पहिल्यांदा घालताना बोटं दुखली पाहिजेत. सहज जात असेल तर ते सहज निघेलही, आणि ते भर कार्यक्रमात निघतं.

चामड्याचा तुकडा कुठला, हेही महत्त्वाचं. पाठीच्या कण्यालगतचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं सैल. पोटाकडचा पट्टा सहा महिन्यांत चार बोटं लांबतो. चपला करणारा कारागीर तुकडा दोन्ही हातांनी वाकवून क्षणात सांगतो की हा पाठीचा की पोटाचा. त्याला विचारावं. कण्याला समांतर कापून मागावं.

शिवणयंत्र नसेल तर जमणार नाही, हा समज तर लगेच मोडून काढता येतो. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की ओळ सुटत जाते. एकाच दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावून, आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी टाका घेतला की एक टाका तुटला तरी शेजारचे टिकतात. दोरा सुती नको, दमट हवेत तो कुजतो. मेण लावलेला पॉलिएस्टर उत्तम. जाळ्याचा बारीक नायलॉन दोरा मालवणच्या बाजारात सहज मिळतो, तोही चालतो. फक्त तो निसरडा असतो, म्हणून मेण चोळून घ्या आणि शेवटची टोकं काडीने वितळवून दाबा.

रिव्हेट किंवा बक्कल लावायचं असेल तर लोखंडाचं नको. इथल्या खाऱ्या हवेत मुलामा किती दिवस टिकणार? शिवाय त्यात आणखी एक भानगड आहे. सालीवर कमावलेलं चामडं ओलं असताना लोखंडाला लागलं की काळाकुट्ट डाग पडतो. लोक म्हणतात चामडं कुजलं. कुजलेलं नसतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. हिरडा आणि लोखंड घेऊन पूर्वी शाई याच मार्गाने करत. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस हलक्या हाताने चोळून, ओल्या फडक्याने पुसून घेतला की बराचसा जातो. कुणाला मुद्दाम काळा पट्टा हवा असेल तर तो व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस टाकून त्या पाण्याने चामडं रंगवतो, आणि हा रंग शर्टाला लागत नाही.

पांढऱ्या थराचंही तसंच. पावसाळ्यात पट्ट्यावर पांढरं काही दिसलं की बुरशी म्हणून घासायला बसायची घाई नको. त्यावर बोट दाबून ऊब द्या. विरघळून नाहीसं झालं तर ती चामड्यातली चरबी वर आली आहे. फडक्याने पुसा, झालं. लवदार असेल आणि वास येत असेल तर ती बुरशी. ती मोकळ्या हवेत नेऊन कोरड्या फडक्याने झटकायची, मग स्पिरिटचा हलका हात फिरवायचा. मुळात बुरशी येते ती पट्टा गिटारसकट बंद कव्हरात घालून, कव्हर कपाटात आणि कपाट भिंतीला टेकवून ठेवल्यामुळे. जून ते सप्टेंबर पट्टा खुंटीवर उघडा टांगावा. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. आणि भिजला म्हणून चुलीजवळ किंवा दुपारच्या उन्हात वाळवू नका. ओल्या चामड्याला उष्णता लागली की तंतू आकसतात आणि पुन्हा सैल होत नाहीत.

खोबरेल तेलाचं काय? घराघरात असतं, स्वस्त असतं, आणि "तेल लावलं की चामडं जगतं" हे सगळ्यांना पाठ असतं. थोडं लावलं तर बिघडत नाही. पण आपल्याकडे हात सैल. भरपूर तेल प्यायलेलं चामडं गडद होतं, लिबलिबीत होतं, ताणलं जातं आणि पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा पट्टा उमटवतं. पितळी रिव्हेटभोवती जो हिरवा मेणासारखा मळ जमतो, तोही या तेलाचाच प्रताप: तेलातली आम्लं पितळेतल्या तांब्याला खातात. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, चार थेंब फडक्यावर घेऊन पुसावं आणि वर मधमाशीचं मेण चोळावं. पितळ आवडत असेल तर हे पथ्य पाळायचं, नाहीतर स्टेनलेस स्टील.

राहता राहिला देवळातला प्रश्न. हरिनाम सप्त्यात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तिला चामड्याचा पट्टा चालतो का, असं विचारणाऱ्याला शेजारचा पखवाज दाखवायचा मोह होतो. दोन्ही तोंडांना कातडं आणि अंगभर वाद्या असलेलं ते वाद्य देवासमोरच वाजत असतं. पण ज्या देवळाचा जो रिवाज, तो तिथल्या मंडळींनी ठरवावा. व्यवहाराने पाहिलं तर वीणेला रुंद कापडी पट्टाच सोयीचा: वीणा हलकी, गळे वेगवेगळे, घाम येतो, आणि कापड धुता येतं. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांसारखं बसून वाजवणाऱ्याला तर पट्टाच लागत नाही. चामड्याचा पट्टा शोभतो तो उभ्याने, तासन्‌तास, जड वाद्य वाजवणाऱ्याला.

शेवटची चूक घाईची. पट्टा कापला की लगेच मोजून लांबीची भोकं पाडली जातात, आणि महिन्याभरात गिटार कमरेखाली येते. नवं चामडं पहिल्या वजनाला थोडं लांबतंच. म्हणून बटणाचं भोक पाडून झालं की पट्टा पडवीच्या वाशाला बांधा, खाली पाण्याने भरलेली दहा लिटरची बादली रात्रभर टांगा, सकाळी पुन्हा मोजा. बक्कलाची भोकं त्यानंतर, अडीच-अडीच सेंटिमीटरच्या अंतराने, आणि गिटार गळ्यात घालून आरशासमोर उभं राहून खुणा केल्यावर.