जॅक उचलतो, पेलत नाही

कुही तालुक्यातील मिरची, कापूस व धान बाजारात पोहोचवणारी वाहने चालती ठेवतात ते रस्त्याकाठच्या गॅरेजमधील कारागीर. हायड्रॉलिक जॅकचे सील निकामी झाले, की दाब क्षणात उतरतो व वाहन खाली कोसळते. म्हणून चाकांना ठोकळे लावून आणि उचललेले वाहन लोखंडी घोडीवर टेकवूनच त्याखाली शिरावे. ट्रकच्या जुन्या धाटणीच्या चाकात हवा भरताना लॉकरिंग उडाली, तर जीव जाऊ शकतो. असे चाक लोखंडी पिंजऱ्यातच भरावे.

कामावरील अपघाताच्या भरपाईची जबाबदारी १९२३ च्या कायद्याने मालकावर टाकली. परंतु भरपाईने गेलेला हात परत येत नाही. ‘गाडी आत्ताच हवी’ असा तगादा लावण्यापूर्वी व्यापारी बंधूंनी घोडी लावण्याइतका अवधी कारागिरास अवश्य द्यावा.