मरणाची तयारी : चांदा-गडचिरोलीच्या ख्रिस्ती मंडळीचा मागोवा

ख्रिस्ती शिकवणीत मरणाची तयारी आजारपणात सुरू होत नाही, ती बाप्तिस्म्यात सुरू होते. पाण्यात उतरणारा माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो आणि त्याच्याबरोबर उठतो, असे पौलाने रोमच्या मंडळीला समजावले. त्यामुळे विश्वासणाऱ्याचे मोठे मरण आधीच होऊन गेलेले असते. राहते ते देहाचे मरण, आणि तोवरचे आयुष्य सार्वकालिक जीवनाच्या हिशोबाने जगायचे असते. हीच शिकवण चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा, आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आली तेव्हा तिला इथल्या पटकीशी, हिवतापाशी, दुष्काळाशी आणि जमिनीच्या कागदांशी गाठ घालावी लागली. दीडशे वर्षांत या तयारीचे रूप कसे बदलत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

मृतांची आठवण जपणे या मुलखाला नवे नव्हते. विदर्भात जागोजागी बृहत्पाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत, आणि त्यांत मृतांबरोबर मडकी व लोखंडी हत्यारे ठेवलेली सापडतात. भामरागड भागात माडिया समाज मृताच्या नावाने उभा दगड रोवतो. चंद्रपूर शहरात राणी हिराईने पती बीरशाह याची समाधी बांधली, ती आजही गोंड राजघराण्याची ओळख आहे. ख्रिस्ती प्रचारक इथे आले तेव्हा मेलेला माणूस पूर्णपणे संपतो, असे मानणारे लोक त्यांना भेटले नाहीत. त्यांना वेगळेच सांगायचे होते. मृत माणूस गावाभोवती रेंगाळत नाही, तो देवाच्या हाती असतो. म्हणून त्याची भीती बाळगू नये आणि त्याला शांत करण्यासाठी काही अर्पणही करू नये.

या भागाशी जोडलेले पहिले ठळक ख्रिस्ती मरण मात्र कुठल्याही तयारीला वेळ न देणारे होते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची भाषा व चालीरीती टिपून ठेवल्या आणि चांदा भागातल्या मांगलीच्या खडकांत जीवाश्म शोधले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. गावातली शाळा तपासण्यासाठी ते मागे थांबले आणि परतताना फुगलेल्या ओढ्यात बुडाले. त्यांचे आदिवासींविषयीचे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. हजारो वर्षांपूर्वीच्या कबरी पाहून परतणारा माणूस संध्याकाळपर्यंत स्वतःच मृत झाला होता. अवचित मरणापासून सोडव, अशी विनंती जुन्या अँग्लिकन प्रार्थनामालेत आहे. तिचा अर्थ समजायला यापेक्षा थेट उदाहरण क्वचितच मिळेल. अवचित मरण त्या काळी भयाचे वाटे, ते पश्चात्ताप, समेट आणि निरोप यांना वेळ उरत नसे म्हणून.

खुद्द चांद्यात संघटित काम एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने उभे केले. १९०३ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला आणि आयर चॅटर्टन त्याचे पहिले बिशप झाले. चांद्यात काम केलेले अ‍ॅलेक्स वुड यांनी १९०६ मध्ये या मिशनवर पुस्तक लिहिले आणि पुढे १९२६ मध्ये तेही नागपूरचे बिशप झाले. या मंडळीच्या हातात १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाची परंपरा होती, आणि मरणाच्या तयारीबद्दल त्या पुस्तकाची शिकवण फार व्यवहारी आहे. आजाऱ्याला भेटायला गेलेल्या पाळकाने आधी त्याच्या विश्वासाची विचारपूस करायची. मग त्याने सर्वांना क्षमा केली आहे का, ज्यांना दुखावले त्यांची क्षमा मागितली आहे का, हे विचारायचे. पुढे मृत्युपत्र केले आहे का, देणे-घेणे सांगून ठेवले आहे का, हेही विचारायचे. गरिबांना विसरू नका, असेही सुचवायचे. त्यातली सर्वांत शहाणी सूचना अशी की, मालमत्तेची व्यवस्था माणसाने धडधाकट असतानाच करावी आणि पाळकाने त्याची वारंवार आठवण द्यावी. आत्म्याचे आणि सावकाराच्या वहीचे काम तिथे एकाच भेटीत होते. कर्ज बुडवून स्वर्गाच्या गोष्टी करणाऱ्याला या पद्धतीत जागा नव्हती.

त्याच पुस्तकाची एक कठोर बाजूही होती. बाप्तिस्मा न झालेल्यावर त्यातला दफनविधी करू नये, असा नियम होता. जिथे बाप्तिस्म्यासाठी शिकत असलेली माणसे पटकीने दोन दिवसांत जात आणि कोवळी बाळे पहिल्या आठवड्यातच दगावत, तिथे हा नियम किती बोचत असेल, हे सांगायला नको. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळला. १९१८ च्या तापाच्या साथीत तर हा प्रांत देशातल्या सर्वाधिक हानी झालेल्या भागांपैकी एक होता. अशा वर्षांत मरणाची तयारी म्हणजे प्रवचन उरत नाही. पेज शिजवणे, अनाथ मुलांना पांघरूण देणे, खड्डा खणणे आणि खांदा द्यायला माणसे जमवणे, एवढेच तिचे रूप होते. या काळाचा खरा वारसा नियमात नाही, या कष्टांत आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाने या शिकवणीला स्वतःची भाषा दिली. कोणी गेले तर मंडळीत ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असे म्हणतात, आणि कबरीपाशी पुनरुत्थानाची आशा बोलून दाखवतात. पौलाने करिंथच्या मंडळीला दिलेले बियाण्याचे उदाहरण पूर्व चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जमिनीत टाकलेला दाणा जसा होता तसा वर येत नाही, तो पऱ्ह्याच्या रूपाने येतो, आणि रोवणी करणाऱ्या बाईला हे पौलाइतकेच ठाऊक असते.

महाराष्ट्राच्या दोन मोठ्या ख्रिस्ती व्यक्तींनी ही तयारी कशी करावी ते स्वतःच्या मरणाने दाखवले. नारायण वामन टिळकांनी शेवटच्या वर्षांत मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तानुयायांचा मेळा उभारायला घेतला होता. आपल्या देहाचे दहन व्हावे, असे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्यावर तसेच झाले. दफनाला ख्रिस्तीपणाची खूण मानणाऱ्या काळात हा निर्णय धाडसाचा होता. पुनरुत्थान देवाच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, हाडे जागेवर असण्यावर नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. ते दुःख पोटात घालून रमाबाईंनी केडगावला मराठी बायबलच्या भाषांतराचे काम पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. सार्वकालिकाकडे डोळे लागलेला माणूस हातातले काम टाकत नाही, उलट ते नीट संपवतो, याचा हा मोठा पुरावा आहे.

सिरोंच्याकडे गोदावरी-प्राणहितेच्या काठी मेथडिस्ट मिशनने शाळा आणि दवाखाना चालवला. मेथडिस्ट परंपरेत ३१ डिसेंबरच्या रात्रीची जागरण-उपासना महत्त्वाची असते. वर्ष संपताना माणूस आपल्या दिवसांचा हिशोब देतो आणि नव्या वर्षात देवाशी केलेला करार पुन्हा बोलून दाखवतो. दिवस मोजायला शिकण्याचा हा सामुदायिक वर्ग म्हणता येईल. दवाखान्याची जोड त्याला शोभणारीच होती, कारण मरणाला भिऊ नका असे सांगणाऱ्याने टाळता येणारे मरण टाळलेही पाहिजे. हे काम किती बाकी होते, ते फार नंतरच्या आकड्यांतून कळते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ मध्ये गडचिरोलीच्या गावांत मोजणी केली, तेव्हा हजार जन्मांमागे १२१ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. घरोघरच्या नवजात-सेवेने ते प्रमाण खाली आले. ही संस्था ख्रिस्ती नाही, पण या जिल्ह्यात मरणाविषयी बोलताना तिचे काम सोडून पुढे जाता येत नाही.

पुढचे मोठे वळण १९६२ चे. त्या वर्षी ३१ मार्चला चांद्याचा प्रदेश केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला. केरळबाहेर त्या चर्चला मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र, आणि ते चालवण्याची जबाबदारी सीएमआय या संन्यासी संघावर आली. २६ फेब्रुवारी १९७७ रोजी त्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला. जानुआरिउस पालाथुरुथी पहिले बिशप झाले, आणि बल्लारपूरला संत थोमाचे कॅथेड्रल आहे. कोळसा खाणी, रेल्वे आणि कागद गिरणीच्या निमित्ताने आलेली मल्याळी व तेलुगू कुटुंबे आणि स्थानिक मराठी विश्वासणारे यांना या चर्चने एका छत्राखाली आणले.

या संघाचे एक संस्थापक संत कुरिआकोस एलियास चावरा यांनी मरणाच्या तयारीचा विचार जितक्या आस्थेने केला, तितका भारतात फार थोड्यांनी केला असेल. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या कैनकरी गावच्या कुटुंबांसाठी एक शिकवण लिहून दिली. एका चांगल्या बापाचे मृत्युपत्र असेच तिचे नाव आहे. घरात भांडण नको, कर्ज नको, मजुराची मजुरी अडवू नये, मुलांना वेळेवर वळण लावावे, असा तिचा विषय. पुढच्याच वर्षी त्यांनी गावात निराधार आणि मरणोन्मुख लोकांसाठी एक घर उभे केले, आणि त्याच्या पाठीशी चांगल्या मरणासाठी प्रार्थना करणारा सहकारी संघ काढला. सभासदांनी मूठमूठ तांदूळ आणि थोडे पैसे द्यायचे आणि एकमेकांच्या मरणवेळी हजर राहायचे. मरणघरी गाण्यासाठी त्यांनी मल्याळममध्ये काव्यही लिहिले. चावरांना २३ नोव्हेंबर २०१४ रोजी संतपद मिळाले. चांगले मरण एकट्याला साधत नाही आणि त्यासाठी शेजारी लागतात, ही त्यांची मुख्य शिकवण होती. चांद्याच्या जंगलपट्ट्यातल्या विखुरलेल्या, पाच-दहा घरांच्या मंडळ्यांना तिचीच सर्वाधिक गरज होती.

कॅथॉलिक रीतीत शेवटच्या आजारात पापनिवेदन, रुग्णाभ्यंग आणि वाटेची शिदोरी म्हणून पवित्र सहभागिता दिली जाते. सिरो-मलबार पंचांगात मोठ्या उपवासाच्या आधीच्या शुक्रवारी सर्व मृत विश्वासणाऱ्यांचे स्मरण होते. म्हणजे उपवासकाळाची सुरुवातच मृतांच्या आठवणीने होते. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, त्यांच्या आयुष्याबद्दल आभार मानतात आणि घरच्यांचे सांत्वन करतात. हा फरक खरा आहे आणि तो पुसून टाकू नये. तरी रात्रभर घरी बसणे, गीते म्हणणे, जेवण पोचवणे, कबर खणायला हात लावणे, हे दोन्हीकडे सारखेच चालते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि जुने अँग्लिकन काम तिच्यात आले. दफनविधीचा मराठी पाठ मात्र जुन्या वळणाचाच राहिला, कारण शोकाच्या वेळी लोकांना ओळखीचे शब्द लागतात.

मृत्युपत्राच्या बाबतीत देशाच्या कायद्याने ख्रिस्ती माणसाला बराच काळ वेगळे वागवले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ११८ व्या कलमानुसार, पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मकार्याला वा दानाला काही लिहून दिले, तर ते मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेले असावे लागे आणि सहा महिन्यांत कायद्याने ठरवलेल्या सुरक्षित ठिकाणी जमा करावे लागे. मरणाची तारीख माहीत नसलेल्या माणसाकडून ही अपेक्षा अन्यायाची होती. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २००३ रोजी हे कलम घटनेच्या समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केले. आता दोन साक्षीदारांसमोर केलेले साधे मृत्युपत्र पुरते. ते नसेल तर त्याच कायद्याने विधवेला एक तृतीयांश आणि उरलेला भाग मुलगा-मुलगी भेद न करता मुलांना मिळतो. प्रार्थनापुस्तकाने साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेले काम कायद्याने आता सोपे केले आहे. तरीही धडधाकट असताना ते करणारे थोडेच.

मृत्युपत्रापेक्षाही निकडीचा प्रश्न आज जागेचा आहे. दफन ही या भागात परकी रीत नाही. अनेक आदिवासी घरांत ती आहे, आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनाही फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे मातीतच ठेवले गेले. पण ख्रिस्ती मृताला गावात जागा मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावी ७ जानेवारी २०२५ रोजी एक ख्रिस्ती पाळक वारले. गावकऱ्यांच्या विरोधामुळे त्यांचा देह वीस दिवस शवागारात राहिला. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत भिन्न पडले. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफनाची परवानगी द्यावी असे म्हटले, तर न्यायमूर्ती शर्मा यांनी ख्रिस्ती दफनभूमीतच दफन व्हावे असे म्हटले. देह आणखी थांबू नये म्हणून अखेर वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला.

इकडे गडचिरोलीचा बहुतांश भाग जंगल आहे, त्यामुळे दफनभूमीसाठी वनजमिनीचा प्रश्न येतो. वनहक्क कायदा, २००६ ने गावाच्या सोयीसाठी वनजमीन देण्याच्या ज्या तेरा बाबी मोजल्या, त्यांत शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाणीयोजना आहेत. दफनभूमी त्यांत नाही. विदर्भातल्या गावांसाठी निस्तार पत्रक असते, आणि गावाच्या सामाईक वापराच्या जागा त्यात नोंदल्या जातात. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या प्रत्येक लहान मंडळीने आपल्या गावाचे निस्तार पत्रक तलाठ्याकडून मागून पाहावे. त्यात आपल्या मृतांची जागा नोंदलेली नसेल, तर ग्रामसभेत अर्ज द्यावा. हे काम कोणाच्या घरी मयत पडण्याआधी, सगळे धडधाकट असतानाच करावे.