बंब भंगारात जाण्याआधी!

साखर कारखान्याच्या माळेगावात अग्निशमनाचं एक छोटंसं म्युझियम का असू नये? पैसे फार लागत नाहीत. जागा, चार मित्र आणि थोडा दम लागतो!

'बंब' म्हटलं की आजीला आठवतो तो न्हाणीघरातला, तांब्याचा, सकाळी सकाळी धूर ओकणारा. आपल्याला आठवतो लाल, घंटा वाजवत सुसाट जाणारा. शब्द एकच आणि तो आलाय पोर्तुगीजांकडून. त्यांच्याकडे 'बोंबा' म्हणजे पंप. तांब्याच्या बंबाचे सध्या अच्छे दिन आहेत. फार्महाऊसच्या व्हरांड्यात तो अँटिक म्हणून मिरवतो. आगीचा बंब मात्र रिटायर झाला की थेट भंगारात!

त्यातच १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमानुसार पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी संपते. नियमात चूक काही नाही. ऐन वेळी स्टार्ट न होणारी गाडी कोणाला हवीय? पण गाडीबरोबर पितळी घंटा, नोझल, जुनी शिडी हे सगळंही वजनावर विकलं जातं. किलोवर गेलेली घंटा पुन्हा मिळत नाही.

मग करायचं काय? परदेशात याचं उत्तर 'फायर म्युझियम' हे आहे. लंडनच्या फायर ब्रिगेडचा स्वतःचा म्युझियम-संग्रह आहे. न्यूयॉर्कचं फायर म्युझियम तर १९०४ च्या जुन्या फायर स्टेशनातच थाटलं होतं. पण त्यासाठी लंडन, न्यूयॉर्कच हवं असं कोणी सांगितलं? बारामतीजवळचं माळेगाव बुद्रुक का नको?

माळेगावच का?

नाशिक जिल्ह्यातलं 'मालेगाव' नव्हे बरं का! हे 'ळ' वालं माळेगाव, पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर, नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यातलं. १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखाना आला आणि गावाचं घड्याळ गळीत हंगामावर चालायला लागलं. कॉलेजं आली, शिकलेली पोरं हिंजवडी आणि खराडीला गेली. त्यातला एखादा हा अंक वाचतही असेल.

ऊस म्हणजे आगीशी रोजचा शेजार. विजेच्या लोंबत्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि उभा फड पेटतो. कोणी पाचट पेटवतं, वारा फिरतो आणि शेजाऱ्याचा ऊस जातो. जळालेल्या उसातली साखर झपाट्याने उतरते, म्हणून तो तातडीने गाळपाला न्यावा लागतो. वर 'जळीत ऊस' म्हणून पैशात कपात होते ती वेगळीच. कारखान्याच्या आवारात डोंगराएवढा रचलेला बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, ओलसर असेल तर आतल्या आत तापतो. बाहेरची काडी न लागताही तो धुमसू शकतो!

आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे ऊसतोड कामगारांच्या कोप्या. दर हंगामात बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून कुटुंबं येतात. पाचट आणि ताडपत्रीचं झोपडं, आत लहान मूल, दाराशी चूल. अशी कोपी पेटली तर बंब बारामतीहून निघेपर्यंत उरणार काय? या लोकांना अग्निसुरक्षेची माहिती देणारं जवळपास कोण आहे? या म्युझियमची गरज आहे ती इथे.

काय काय मांडता येईल?

आपण समजतो त्यापेक्षा बरंच! ऑफिसात, टॉकीजमध्ये लटकणारी लाल बादली पाहिलीय? तिचा तळ गोल किंवा निमुळता का असतो माहितीय? जमिनीवर ठेवताच येऊ नये म्हणून! सपाट तळाची असती तर दुसऱ्या दिवशी फरशी पुसायला गेली असती.

जुना, शंकूसारखा 'सोडा-अॅसिड' एक्स्टिंग्विशर घ्या. आत खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि सल्फ्युरिक अॅसिडची बाटली. दोन्ही एकत्र आले की गॅस तयार होतो आणि पाणी जोरात बाहेर फेकलं जातं. आठवीच्या पोरांना केमिस्ट्रीचा याहून भन्नाट धडा कुठला?

लंडनच्या फायरमनचं पितळी हेल्मेट दिसायला एकदम रुबाबदार. पण शहरात वीज आली आणि पितळेतून शॉक बसण्याचा धोका वाढला, म्हणून १९३० च्या दशकात ते बाद झालं. पूर्वी आगीवर फेकायचे काचेचे गोळेही मिळायचे. त्यातल्या काहींत कार्बन टेट्राक्लोराइड असायचं. ते तापलं की फॉस्जीन हा विषारी वायू बनू शकतो. म्हणजे आग विझवणारी वस्तूच माणसाच्या जिवावर उठायची! जुनी उपकरणं जपायची ती नुसत्या नॉस्टॅल्जियासाठी नाही. प्रत्येकीत कोणाच्या तरी जिवावर बेतून मिळालेलं शहाणपण आहे.

१४ एप्रिलची गोष्ट

अशा म्युझियमची एक भिंत मुंबईच्या नावे हवीच. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं, हजारो कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला, बंब धावले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. हादरा थेट शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्याच स्मृतीसाठी देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. जहाजातलं सोनं पुढे अनेक वर्षं डॉकमध्ये सापडत राहिलं, अगदी २०११ मध्येसुद्धा!

ही गोष्ट फक्त जुनी नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल्समध्ये १४ जण गेले. पार्टीला आलेली, तुमच्या-आमच्या वयाची मुलं होती त्यात.

सुरुवात कशी करायची?

एका माणसाच्या छंदातून म्युझियम उभं राहतं याचा पुरावा पुण्यातच आहे. दिनकर केळकरांनी १९२० च्या दशकापासून अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या आणि त्यातून हजारो वस्तूंचं राजा केळकर म्युझियम झालं. आपल्याला तर एकच हॉल पुरे.

• सात जण जमवा. संस्था नोंदवायला किमान तेवढे लागतात. पुढचं काम धर्मादाय आयुक्त कार्यालयात.
• कारखाना, नगरपंचायत, जवळपासच्या नगरपरिषदा आणि एमआयडीसीला पत्रं लिहा. लिलावाची यादी निघण्याआधी लिहा, नंतर नाही!
• प्रत्येक वस्तूला नंबर द्या. कोणी दिली, कधी वापरली, कोणत्या आगीत नेली, सगळं रजिस्टरमध्ये लिहा. वस्तूइतकीच ही माहिती मोलाची.
• पितळ चिंचेने चकाचक घासू नका. कंपनीची खूण, सन पुसले जातात.
• जुना सिलिंडर तज्ज्ञाकडून रिकामा करून घ्या. काचेचा गोळा अजिबात उघडू नका.
• रिटायर्ड फायरमनना बोलवा. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करा. फोन तर खिशात आहेच.

आता मुद्दा तारखेचा. शाळांसाठी एप्रिलचा सप्ताह ठीक आहे. पण तेव्हा हंगाम संपत आलेला असतो आणि कोप्या उठायला लागलेल्या असतात. माळेगावातल्या म्युझियमचा खरा सप्ताह हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, टोळ्या उतरतात तेव्हा. म्युझियमने तेव्हा हॉलमध्ये बसून राहायचं नाही. एका ट्रॉलीत दोन बादल्या, एक घोंगडी, एक एक्स्टिंग्विशर घालून कोप्यांवर जायचं. चूल कुठे मांडायची, दोन कोप्यांत अंतर किती ठेवायचं, अंगावरचं कापड पेटलं तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, हे करून दाखवायचं. पोरांना घंटा वाजवू द्यायची. ती हमखास येतील आणि आयांनाही घेऊन येतील.

सोमवारी ऑफिसात एवढं कराच

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. तुमच्या बिल्डिंगचं दिलंय का? अॅडमिनला विचारा. मग जिन्याजवळचा एक्स्टिंग्विशर बघा. काटा हिरव्यात आहे? पिन ओढायची, नळी ज्वाळेकडे नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवायची. आणि जिन्यातले ते कार्टन आजच हलवा. फायर एक्झिट ही स्टोअररूम नाही, राव!