रक्तातील चरबी, रोजची गोळी आणि उसाचे मेण



या पानावर मी नेहमी बेणे, खत आणि खोडव्याबद्दल लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. मागच्या महिन्यात नागपूरजवळ बेसा येथे मेहुण्यांकडे मुक्काम पडला. तेही आपले सभासद. रात्री जेवणानंतर त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी घेतली नाही. विचारले तर म्हणाले, "भाऊजी, रिपोर्ट नॉर्मल आला न, मग गोळी कायले खायची? तीन महिने झाले, आता उसाच्या मेणाची गोळी घेतो. आपल्याच पिकातली आहे." सकाळी आग्रहाने रक्त तपासून घेतले. गोळी चालू असताना शंभराच्या आत असलेले एलडीएल दीडशेच्या वर गेले होते!

असे का झाले, ते आपल्या भाषेत सांगतो.

चरबी रक्तात विरघळत नाही. म्हणून ती प्रथिनांच्या वेष्टनातून, जणू गाडीत भरून वाहून नेली जाते. या गाड्या म्हणजे लायपोप्रोटीन. एलडीएलची गाडी कोलेस्टेरॉल शरीरभर पोचवते. या गाड्या वाढल्या की माल रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. एचडीएलची गाडी उरलेला माल यकृताकडे परत आणते.

एलडीएलच्या गाड्या मुख्यतः यकृतात खाली होतात. तिथे त्यांच्यासाठी जणू गव्हाणी असतात. त्या शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅटिन गोळी यकृताचे स्वतःचे कोलेस्टेरॉल उत्पादन कमी करते. माल कमी पडला की यकृत जास्त गव्हाणी उघडते आणि गाडीतळ मोकळा होतो. औषध व मात्रेप्रमाणे एलडीएल साधारण ३० ते ५० टक्के उतरते. ट्रायग्लिसराइडही काहीसे घटते, एचडीएल मात्र थोडेच वाढते. गोळी बंद केली की काही आठवड्यांत गाडीतळ पुन्हा भरतो. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट हे गोळीचेच काम असते. पाणी दिल्याने ऊस हिरवा दिसतो म्हणून आपण पाणी तोडतो का?

हे औषध शोधले जपानच्या अकिरा एन्डो यांनी. ते शेतकरी कुटुंबातले. १९७०च्या दशकात हजारो बुरशा तपासून त्यांना तांदळावरच्या बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले. १९९४ साली ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात गोळी घेणाऱ्यांमधील मृत्यू ३० टक्क्यांनी कमी आढळले.

आता उसाचे मेण. कांडीवरची पांढरी भुकटी आपण रोज पाहतो. या मेणापासून क्यूबाने पोलिकोसॅनॉल तयार केले आणि त्याने एलडीएल उतरते असे तिथल्या चाचण्यांत दिसले. पण २००६ साली जर्मनीतील चाचणीत ते आणि औषध नसलेली नुसती गोळी यांत काहीच फरक आढळला नाही. आपल्या पिकाचा अभिमान मलाही आहे, पण औषधाची पारख तपासणीनेच व्हावी.

स्नायू दुखत असतील, यकृताचा आजार असेल किंवा घरात गर्भवती असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. गोळी आपल्या मनाने सुरू करू नका आणि बंदही करू नका. मेहुण्यांनी डॉक्टरांना भेटून आपली गोळी पुन्हा सुरू केली आहे. आपणही गळिताच्या धावपळीत ती विसरू नये, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी