वाकड्या कण्याचे मूळ

कर्जत तालुका मूळचा अवर्षणाचा. तथापि त्याच्या दक्षिण सरहद्दीवर भीमा वाहते, उजनी जलाशयाचा फुगवटा तेथवर पोचतो, आणि अशा मुलखात ज्याने शेततळे खोदून रोहू-कटल्याची बोटुकली सोडली, त्याच्या जाळ्यात पाठीला कुबड आलेला मासा सापडला, तर तो प्रथम पाण्याला वा खाद्याला दोष देतो. तो दोष सर्वस्वी अनाठायी नव्हे. क जीवनसत्त्वाची अथवा स्फुरदाची उणीव पडली, किंवा अंडी उबताना पाणी फार तापले, तरी कणा वाकतो. परंतु काही व्यंगांचे मूळ आनुवंशिकतेत असते, आणि तिकडे होणारे दुर्लक्ष मला अधिक गंभीर वाटते.

१९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन रोहूसारखे मासे बंदिस्त पाण्यात प्रजननास प्रवृत्त केले, आणि बीजासाठी नदीवर विसंबणे हळूहळू सरले. पण एकच मादी लक्षावधी अंडी देत असल्याने बीजकेंद्राला मोजक्याच जोड्या पुरतात. पुढे त्यांच्याच संततीत, भावंडांचा भावंडांशी संयोग होऊ लागला, म्हणजे उभयतांकडील एकच सुप्त सदोष जनुक पिलात एकत्र येऊन व्यंग प्रकट होते. भुवनेश्वरच्या केंद्रीय मत्स्यसंस्थेने ‘जयंती’ ही रोहूची सुधारित जात सिद्ध करताना गंगा, यमुना, गोमती, सतलज व ब्रह्मपुत्रा या नद्यांतील मासे एकत्र केले, ते वैविध्य राखण्यासाठीच.

म्हणून बीज घेताना प्रजनक मासे कोठून आणले व केव्हा बदलले, याची चौकशी शेतकऱ्याने अवश्य करावी.