ऊन, घाम आणि धाव

टोकियो ऑलिंपिकमध्ये २८ जुलै २०२१ रोजी रशियाचा टेनिसपटू दानील मेदवेदेव इटलीच्या फोन्यिनीशी खेळत होता. खेळता खेळता त्याला धाप आवरेना, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. पंचांनी काळजीने विचारले, तेव्हा तो म्हणाला की सामना मी पूर्ण करीन, पण मेलो तर जबाबदारी कोण घेणार? त्याच दिवशी स्पेनची पाउला बादोसा एक सेट खेळून उष्माघाताने गळाली. तिला चाकाच्या खुर्चीवरून मैदानाबाहेर न्यावे लागले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अकराला सुरू होणारे सामने दुपारी तीनला सुरू करण्यात आले.

आता गंमत पहा. त्या दिवशी टोकियोचे तापमान होते सुमारे ३१ अंश. आपल्या ढोकीत ३१ अंश म्हणजे स्वेटर नुकताच पेटीत गेला एवढेच! मे महिन्यात ४१-४२ अंशांत आपली माणसे शेतात राबतात, लग्नाच्या वरातीत नाचतात. मग ज्यांच्या दिमतीला बर्फ आहे, डॉक्टर आहे, मालीशवाला आहे, असे जगातले नामांकित खेळाडू ३१ अंशांत का कोसळावेत? हा प्रश्न नुसता टेनिसचा नाही. सध्या लातूर-बार्शी रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावणारी आपली पोरे-पोरी रोज दिसतात. त्यांच्या जिवाशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

उत्तर आपल्या घरातल्या माठात आहे. ढोकीपासून जवळच गोरोबाकाकांचे तेर. तेव्हा माठाचे गुपित आपल्याला नव्याने सांगायला नको. माठातून पाणी झिरपते, बाहेर येऊन वाळते, आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात आपल्याकडे कोरडी हवा असते म्हणून माठ गार होतो. तोच माठ पावसाळ्यात किंवा मुंबईच्या दमट हवेत ठेवा, तो नुसताच ओला राहतो. पाणी गार होत नाही, कारण झिरपलेले पाणी वाळतच नाही. आपले शरीर हा असाच एक माठ आहे. घाम येणे महत्त्वाचे नाही, घाम वाळणे महत्त्वाचे. अंगावरून निथळून खाली पडणारा घाम शरीराचे पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण गारवा मुळीच देत नाही. टोकियोची जुलैतली हवा मुंबईसारखी दमट असते. मेदवेदेव घामाने न्हाऊन निघाला होता आणि तरीही आतून तापत होता, त्याचे कारण हे.

पण माठ स्वतः उष्णता तयार करत नाही, धावणारा माणूस करतो. आपण खातो त्या अन्नातली शक्ती स्नायू वापरतात, तेव्हा तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकी सगळी उष्णता होते. थोडा हिशेब करू. साठ किलो वजनाचा मुलगा ५ किलोमीटर धावला की साधारण ३०० कॅलरी खर्च होतात. (आहाराच्या तक्त्यात छापतात त्याच या कॅलरी.) त्यांपैकी सुमारे २३५ कॅलरींची नुसती उष्णता. एवढ्या वजनाचे शरीर एक अंशाने तापायला सुमारे ५० कॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर २५ मिनिटांच्या धावेत ३७ अंशांचे शरीर जवळजवळ ४२ अंशांवर जाईल. ४० अंशांच्या पुढे मेंदू चळतो आणि यकृत, मूत्रपिंड, स्नायू यांची नासाडी सुरू होते. प्रत्यक्षात असे घडत नाही, कारण सुमारे चारशे मिलिलिटर घाम वाळला की ही सगळी उष्णता निघून जाते. पण वाळला पाहिजे! दमट हवेत, अंगावर नायलॉनचा घट्ट पोशाख घालून, वारा पडलेला असताना तो कसा वाळणार?

हा हिशेब आपल्या राज्याने फार महागात शिकला आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. तेव्हा ५ किलोमीटर धावावे लागे. पाऊस तोंडावर आलेला, हवा कोंदट. विक्रोळीच्या बाजूला धावताना मुले कोसळली, आणि त्या भरतीत किमान चार तरुणांचे प्राण गेले. ती विशीतली, घरच्यांच्या आशेवर निघालेली मुले होती. प्रत्येकाच्या मृत्यूचे नेमके वैद्यकीय कारण वेगळे असू शकते. पण उष्ण-दमट हवा, लांबचा प्रवास, अपुरी झोप आणि रिकामे पोट ही चौकडी एकत्र आली की काय होते, हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येईल. त्यानंतर शासनाने अंतर कमी केले. आता पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी मात्र ५ किलोमीटर आहेच. वरच्या हिशेबाने १६०० मीटरमध्ये शरीर फार तर दीड अंशाने तापेल, म्हणून एक वेळची परीक्षा तितकी धोक्याची नाही. धोका आहे तो सरावात. दीड तास फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या जातात, 'अजून एक, अजून एक' म्हणत वेळ कमी करायची असते, आणि पाठीमागे शिट्टी घेऊन कोणीतरी उभा असतो.

'आमच्याकडे तर कोरडे ऊन, मग आम्हाला काय भीती?' असे कोणी म्हणेल. कोरड्या हवेत घाम भराभर वाळतो हे खरे. पण तो इतका भराभर वाळतो की किती गेला ते कळतच नाही. शर्टावर पांढरे मिठाचे डाग पडतात तेव्हा लक्षात येते. जोरात धावणाऱ्याचा तासाला एक ते दोन लिटर घाम सहज जातो. शिवाय हवा आपल्या कातडीपेक्षा तापली, म्हणजे ३५ अंशांच्या वर गेली, की ती शरीराची उष्णता घेण्याऐवजी उलट शरीराला देऊ लागते. वरून सूर्य, खालून डांबर. टेनिसचेही तसेच आहे. मेलबर्नला जानेवारी २०१४ मध्ये सलग चार दिवस पारा ४१ च्या वर होता. त्या स्पर्धेत कॅनडाचा फ्रँक डॅन्सेविच खेळता खेळता बेशुद्ध पडला, चेंडू आणून देणारा एक मुलगाही कोसळला. ती हवा कोरडीच होती.

शरीरात नेमके काय चालते? हृदय एकच, रक्त तेवढेच, आणि मागणारे दोन. पळणारे पाय म्हणतात आम्हाला रक्त द्या, आणि कातडी म्हणते मला द्या, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकते. घामाने रक्तातले पाणी कमी झाले की दोघांची ओढाताण वाढते. नाडी पळू लागते, पाय जड होतात, मळमळते, गोळे येतात. इथे थांबणारा माणूस वाचतो. शरीर हा इशारा वेळेवर देते. ज्याला 'जिद्द' नावाची गोष्ट फार शिकवलेली असते, तो तो इशारा ओलांडून जातो. खेळाडू आणि भरतीची मुले या दोघांतही जिद्द भरपूर, म्हणून उष्माघात अशा तगड्या जवान माणसांना गाठतो.

उन्हाची सवय होते का? होते, आणि ती थोतांड नाही. रोज तास-दीड तास उन्हात बेताने मेहनत केली, तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलते. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते. युरोपच्या कडाक्याच्या थंडीतले टेनिसपटू ऑस्ट्रेलियात आधीच जाऊन राहतात ते याचसाठी. पण सवय मोडली की दोन-तीन आठवड्यांत हा फायदाही जातो. आपली मुले चार महिने अभ्यासिकेत पंख्याखाली बसतात आणि जाहिरात आली की दुसऱ्या दिवशी मैदानावर तुटून पडतात. पहिला आठवडा सर्वांत घातक असतो. त्या आठवड्यात निम्मेच धावावे, तेही सकाळी सातच्या आत.

आमच्या दवाखान्यात भरतीच्या दिवसांत एक मागणी हमखास येते. 'डॉक्टर, उद्या ग्राउंड आहे, एक सलाईन लावा, ताकदीचे इंजेक्शन द्या.' मी देत नाही, आणि मुले नाराज होऊन जातात. ज्याचे पोट चालू आहे आणि तोंडाने पाणी पिता येते, त्याला सलाईनची गरज नाही. सलाईनमध्ये ताकद नसते, मीठ-पाणी असते. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून आणलेल्या 'स्टॅमिना'च्या गोळ्या आणि उत्तेजक पेयांचे डबे. उत्तेजक औषधाने उष्णता वाढते आणि थकव्याचा इशारा दबतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी घामच कमी होतो. आदल्या दिवशी ताप किंवा जुलाब झाले असतील, तर धावूच नये. तारीख बदलून मिळावी म्हणून अर्ज करावा. नाहीच मिळाली तर पुढची भरती आहे.

पाणी किती प्यावे? तहानेपुरते, पण तहान लागायच्या आधीपासून सुरू करावे. धावण्याच्या दोन तास आधी दोन पेले, नंतर थोडे थोडे. लघवी फिकट पिवळी असली म्हणजे पुरेसे. उलट टोकही वाईट. तास-दोन तास घाम गाळून नुसते साधे पाणी चार-पाच लिटर ढोसले, तर रक्तातले मीठ पातळ होते आणि झटके येऊ शकतात. म्हणून लांबच्या सरावात एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्यावे. चमचे चहाचे. ताक-मीठ, लिंबू सरबत हेही उत्तम. त्यासाठी परदेशी नावाची रंगीत बाटली घेण्याची गरज नाही.

टेनिसवाल्यांनी आता हवेचे मोजमाप नियमात आणले आहे. साध्या थर्मामीटरवर ते विसंबत नाहीत. एक थर्मामीटर ओल्या फडक्यात गुंडाळलेला, एक काळ्या गोळ्यात ठेवलेला आणि एक साधा, अशा तिघांचा मिळून आकडा काढतात. त्यात ओल्या फडक्याला सर्वांत जास्त, म्हणजे सत्तर टक्के वजन. माठाचीच गोष्ट! पुरुषांच्या एटीपी स्पर्धांत २०२६ च्या हंगामापासून हा आकडा ३०.१ झाला की तीन सेटच्या सामन्यात दुसऱ्या सेटनंतर दहा मिनिटे थंडाव्याची सुट्टी मागता येते आणि ३२.२ च्या पुढे गेला की खेळ बंद. कोट्यवधींचे सामने थांबतात, मग आपल्या जत्रेतली कबड्डी आणि शाळेच्या स्पर्धा भर दुपारी का? आपला जिल्हा खो-खोचा. सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी मुलगी इथल्या मातीतली. त्या मातीवरचे सामने संध्याकाळी पाचनंतर घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज आहे? प्रमुख पाहुण्यांच्या वेळेची सोय मुलांच्या डोक्यावरच्या उन्हापेक्षा मोठी नाही. नुसते बसून राहणेही उन्हात जीव घेते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात चौदा माणसे गेली, ती तर धावतही नव्हती.

आता सर्वांत महत्त्वाचे. धावणारा मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, शिवीगाळ करू लागला, दिशा चुकला किंवा पडला, तर तो उष्माघात समजावा. 'उष्माघातात अंग कोरडे पडते' असे पूर्वीपासून सांगितले जाते. ते घरात तापलेल्या म्हाताऱ्या माणसांबाबत बरेचसे खरे आहे. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. काखेतल्या थर्मामीटरवरही विश्वास ठेवू नये, आतले तापमान त्याहून बरेच जास्त असते.

अशा वेळी आधी गार करायचे, मग हलवायचे. १०८ ला फोन करावा, पण गाडीची वाट पाहत बसू नये. जवळ जनावरांचा हौद असेल तर कपडे सैल करून मुलाला गळ्यापर्यंत त्यात बसवावे, दोघांनी काखेत धरावे, डोके पाण्याबाहेर ठेवावे. बर्फ मिळाला तर टाकावा. हौद नसेल तर सावलीत आडवे करून बोअरच्या पाण्याची धार सतत धरावी, ओली चादर टाकून जोराने वारा घालावा, चादर कोमट झाली की पुन्हा भिजवावी. पहिला अर्धा तास म्हणजे त्याचे आयुष्य. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जाते. तापाची पॅरासिटामॉलची गोळी इथे काही करत नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. कांदा हुंगवण्याने अपाय नाही, पण त्यात पाच मिनिटे जातात, आणि ती पाच मिनिटे पाण्याची असतात.

मुलगा शुद्धीवर आला, बोलू लागला, म्हणून घरी नेऊ नये. तापलेले स्नायू विरघळून त्यांतले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडात अडकते. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा फारच कमी झाली, तर ताबडतोब धाराशिव किंवा लातूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्तातले क्रिएटिनिन आणि सीपीके तपासून घ्यावे. यकृताची तपासणी दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावी, कारण तिथला बिघाड उशिरा दिसतो. रक्त तपासणी स्वच्छ येईपर्यंत धावणे बंद, आणि त्यानंतरही पहिले काही आठवडे चालण्यापासूनच सुरुवात करावी, तेही कोणीतरी सोबत असताना.