कलाशिक्षण, किशोरवयीनांची अस्मिता आणि सांस्कृतिक विविधता

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• किशोरावस्था व अस्मितेचा शोध यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• वारली चित्रकलेच्या आधारे अनुकृती आणि आकलन यांतील भेद सांगता येईल.
• सांस्कृतिक विविधतेवर आधारित कलाध्यापनात घ्यावयाची दक्षता विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

शालेय वेळापत्रकात चित्रकलेला बहुधा दुय्यम स्थान असते. परीक्षा जवळ आली की हा तास गणिताकडे वा विज्ञानाकडे वळवला जातो. कला म्हणजे विरंगुळा, ही समजूत त्यामागे असते. किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही समजूत का अपुरी ठरते, हे या घटकात पाहू.

२. किशोरावस्था आणि अस्मिता

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मनोसामाजिक विकासाच्या आठ अवस्था मानल्या. त्यांतील पाचवी, म्हणजे किशोरावस्था, ही ‘अस्मिता विरुद्ध भूमिकासंभ्रम’ या संघर्षाची अवस्था होय. या वयात ‘मी कोण?’ हा प्रश्न तीव्र होतो. घरची बोली आणि शाळेतील प्रमाणभाषा, कुटुंबाच्या रूढी आणि मित्रांच्या आवडी, जात, धर्म, लिंगभाव या साऱ्यांचा मेळ व्यक्तीला स्वतः घालावा लागतो.

कला येथे दोन कारणांनी उपयुक्त ठरते. पहिले असे की, चित्राचे एकच बरोबर उत्तर नसते; त्यामुळे वेगळेपण ही चूक ठरत नाही. दुसरे असे की, जे थेट ‘मी’ म्हणून सांगणे अवघड असते, ते रंग, आकार वा पात्र यांच्या आडून मांडता येते. चित्राविषयी बोलता बोलता विद्यार्थी स्वतःविषयी बोलू लागतो.

३. उदाहरण : वारली चित्रकला

शाळांमधून वारली चित्रे मोठ्या प्रमाणावर काढून घेतली जातात. दोन त्रिकोण जोडून धड, वर्तुळाचे डोके आणि रेषांचे हातपाय एवढ्यावर बहुतेक ठिकाणी हा पाठ संपतो. ही झाली अनुकृती.

आकलनासाठी त्या चित्रांचा संदर्भ जाणून घ्यावा लागतो. पालघर जिल्हा व परिसरातील वारली समाजात लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. त्यात पालघाट देवीची स्थापना असते. हा चौक सवाशिणी लिहितात आणि धवलेरी विधीची गाणी म्हणते. म्हणजे ही कला मुळात विधीचा भाग आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी स्त्रिया आहेत. १९७० च्या दशकात ती कागदावर येऊ लागली. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी विधीच्या चौकटीबाहेर शेती, मासेमारी, तारपा नृत्य असे विषय रंगवले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

एवढी माहिती मिळताच वर्गात खरे प्रश्न उभे राहतात. स्त्रियांनी जपलेली कला प्रसिद्ध झाल्यावर नावे पुरुषांची का झाली? विधीतील आकृती पिशवीवर छापली गेली, तर तिचा अर्थ बदलतो का? परंपरा बदलली, तरी ती ‘आपली’ राहते का? हा अखेरचा प्रश्न वारली समाजापुरता मर्यादित नाही. तो प्रत्येक किशोरवयीनाचा आहे.

४. वर्गातील कार्यपद्धती

अध्यापनाचे तीन टप्पे कल्पिता येतात. (अ) निरीक्षण : चित्रात कोण आहे, काय चालले आहे, कोण दिसत नाही, याची नोंद. (ब) संदर्भ : चित्र कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी काढले, याची चर्चा. (क) स्वनिर्मिती : वारली आकृत्यांची नक्कल न करता स्वतःच्या परिसरातील एखादा प्रसंग स्वतःच्या शैलीत मांडणे. पाण्याच्या नळावरची रांग, बाजाराचा दिवस, स्थलांतरित कुटुंबाची खोली असे विषय चालतील. तिसरा टप्पा वगळल्यास विविधता ही केवळ इतरांची गोष्ट उरते.

५. घ्यावयाची दक्षता

‘तुझी संस्कृती काढून दाखव’ अशी आज्ञा वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु ती विद्यार्थ्याला आपली जात सर्वांसमोर उघड करण्यास भाग पाडू शकते. आदिवासी विद्यार्थ्याला संपूर्ण समाजाचा प्रतिनिधी ठरवणे हेही अन्यायाचेच आहे. त्याला वारली चित्राऐवजी क्रिकेटचे मैदान काढावेसे वाटले, तर तीही त्याची अस्मिताच होय. म्हणून विषय निवडण्याचे, चित्र न दाखवण्याचे आणि न बोलण्याचेही स्वातंत्र्य विद्यार्थ्याला असावे. मूल्यमापन रेखाटनातील सफाईपेक्षा निरीक्षण व विचार यांवर आधारावे.

६. सारांश

किशोरवयात अस्मिता घडत असते. कला तिला सुरक्षित अवकाश देते. मात्र परंपरेच्या बाह्य आकारांची नक्कल म्हणजे विविधतेचे शिक्षण नव्हे. आकारांमागील माणसे, त्यांचे श्रम आणि त्यांच्यातील बदल समजून घेतल्यावरच विद्यार्थी दुसऱ्याकडे आदराने आणि स्वतःकडे मोकळेपणाने पाहू शकतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. किशोरावस्थेत कला उपयुक्त ठरण्याची दोन कारणे लिहा.
२. वारली चित्रकलेतील स्त्रियांचे स्थान स्पष्ट करा.
३. ‘तुझी संस्कृती काढून दाखव’ या सूचनेतील धोके सोदाहरण सांगा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या लोककलेवर आधारित पाठाचे तीन टप्प्यांतील टाचण तयार करा.